पहिली आफ्रिकन सफारी: मसाई माराची आखणी कशी करावी

ताडोबा, पेंच किंवा कान्हा केलेल्या माणसाला केनियातल्या मसाई मारात पहिल्या तासाभरातच जाणवतं, की इथले प्राणी लपून बसत नाहीत. घनदाट जंगल नाही, उघडा माळ आहे. नजर पोचेल तिथपर्यंत गवत, मधूनच एखादं बाभळीच्या जातीचं झाड, आणि एकाच वेळी समोर जिराफ, झेब्रे, हत्ती आणि हरणांचे कळप. सिंह बहुतेकांना पहिल्या-दुसऱ्या दिवशीच दिसतो. त्यामुळे 'दिसेल का?' ही धाकधूक इथे फारशी राहत नाही. दिसलेला प्राणी पुढे काय करतो, हे बघायला हाताशी वेळ आहे का, हा खरा प्रश्न. पहिल्या सफारीची आखणी त्या वेळेसाठीच करायची, बाकी सगळं त्यानंतर.

कुठे जायचं

भारतातून पहिल्यांदा जाणाऱ्याला केनिया सर्वांत सोयीचा. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, प्रवास साधारण सहा तासांचा, आणि घड्याळ फक्त अडीच तास मागे. केनियात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मोठा गुजराती समाज आहे, त्यामुळे नैरोबीत शाकाहारी जेवण सहज मिळतं. चपाती तर तिथल्या स्थानिक जेवणातलाच पदार्थ झाली आहे. सफारी कॅम्पमध्येही शाकाहारी किंवा जैन जेवण मिळतं, फक्त बुकिंग करतानाच कळवावं लागतं. तिथे पोचून सांगितलं तर आचाऱ्याकडे उकडलेल्या भाज्यांपलीकडे सामान नसतं, कारण भाजीपाला नारोक किंवा नैरोबीहून येतो.

टांझानियातलं सेरेंगेटी ही माराच्याच परिसंस्थेची दक्षिण बाजू. मारा राखीव क्षेत्र सुमारे 1,510 चौरस किलोमीटर, तर सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान 14,763 चौरस किलोमीटर. प्राणी सीमा ओलांडून जातात, पर्यटकांना मात्र ती वाट बंद आहे. मारातून सेरेंगेटीत जायचं तर इसेबानिया किंवा नामांगाच्या सीमाचौकीवरून मोठा वळसा पडतो, आणि सहसा गाडी व गाइडही बदलावे लागतात. पहिल्या आठवडाभराच्या सहलीत दोन्ही देश घालू नका. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात डांबरी रस्ते आहेत, स्वतः गाडी चालवत फिरता येतं. बोट्स्वानातला ओकावांगो नदीचा त्रिभुज प्रदेश अप्रतिम आहे, पण महाग. ही ठिकाणं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी ठेवावीत.

महिना कुठला

'स्थलांतर बघायचंय' म्हणून सगळे जुलै-ऑगस्ट मागतात. तेरा-चौदा लाख वाइल्डबीस्ट (गुरांसारखे दिसणारे मोठे हरिणवर्गीय प्राणी), त्यांच्यासोबत लाखो झेब्रे आणि गॅझेल ही चपळ हरणं वर्षभर ताज्या गवतामागे गोल फिरत असतात. जानेवारीअखेर ते मार्च हा काळ दक्षिण सेरेंगेटीतल्या न्दुतू भागात विणीचा. मग कळप वर सरकत सरकत साधारण जुलैत मारात पोचतात आणि ऑक्टोबरपर्यंत मारा नदी इकडून तिकडे, तिकडून इकडे ओलांडत राहतात. तारखा पाऊस ठरवतो. दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होणं नेहमीचंच, म्हणून 'अमुक तारखेला क्रॉसिंग नक्की' असं सांगणाऱ्या एजंटवर विश्वास ठेवू नये.

जुलै ते ऑक्टोबरमध्ये गर्दी असते, कॅम्प महाग होतात आणि प्रवेशशुल्कही दुप्पट. क्रॉसिंगचा हट्ट नसेल तर जानेवारी-फेब्रुवारी पाहा. हवा कोरडी, गाड्या कमी, आणि सिंह, चित्ता, बिबट्या, हत्ती हे माराचे कायमचे रहिवासी तेव्हाही तिथेच असतात. जूनही चांगला, पण गवत उंच असतं. त्यात बसलेला सिंह दहा मीटरवरूनही सुटून जातो. मार्चअखेर ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. माराची काळी माती आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या रानासारखीच, भिजली की चाक घट्ट धरून ठेवते, आणि गाडी रुतून अर्धी सकाळ वाया जाऊ शकते. नोव्हेंबर-डिसेंबरचा पाऊस हलका, सरी येऊन जातात. तो टाळायलाच हवा असं नाही.

किती दिवस, किती ठिकाणं

सहा दिवसांत नैरोबी, अंबोसेली, नाकुरू, नैवाशा आणि मारा असं पॅकेज सर्रास विकलं जातं. नकाशावर ते छान दिसतं. प्रत्यक्षात नैरोबी ते अंबोसेली चार-पाच तास, अंबोसेलीहून नैवाशा सहा-सात तास, नैवाशाहून मारा पाच तास. रोज सामान बांधायचं, रोज रस्त्यावर, आणि मारात जेमतेम दीड दिवस. त्यात एका संध्याकाळी पाऊस आला की संपलं.

सात रात्री असतील तर नैरोबीत एक, नैवाशा-नाकुरू मिळून दोन आणि मारात चार, अशी विभागणी करावी. नाकुरू राष्ट्रीय उद्यान जेमतेम 188 चौरस किलोमीटरचं, कुंपण घातलेलं, आणि काळा व पांढरा असे दोन्ही गेंडे बघायला उत्तम. जुन्या फोटोंत दिसणारा फ्लेमिंगोंचा गुलाबी किनारा मात्र तिथे गृहीत धरू नका. गेल्या काही वर्षांत तळ्याची पातळी बरीच वाढली, पाण्याचा खारेपणा बदलला आणि फ्लेमिंगो मोठ्या संख्येने बोगोरियासारख्या तळ्यांकडे गेले. हत्ती आणि मागे किलिमांजारो असा देखावा हवा असेल तर नाकुरूऐवजी अंबोसेलीत दोन रात्री घ्या. 5,895 मीटरचं ते शिखर बहुधा पहाटे आणि संध्याकाळीच ढगाबाहेर येतं, म्हणून एक रात्र पुरत नाही.

मारात तीनपेक्षा कमी रात्री नकोत. चार उत्तम.

प्रवेशशुल्काची मेख

हे नीट समजून घ्या, कारण इथे बरेच पैसे विनाकारण जातात. मारा राखीव क्षेत्राचं परदेशी प्रौढांसाठीचं शुल्क 2024च्या मध्यापासून जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर असं आहे. तिकीट सकाळी 6 ते संध्याकाळी 6 या बारा तासांचं. दर बदलत राहतात, तेव्हा बुकिंगच्या वेळी पुन्हा विचारा.

समजा ऑगस्टमध्ये तुम्ही नैरोबीहून रस्त्याने दुपारी 2 वाजता सेकेनानी गेटवर पोचलात आणि लगेच आत गेलात. चार तासांच्या फेरीसाठी माणशी 200 डॉलर गेले. मुक्काम गेटबाहेर असेल तर ती पहिली संध्याकाळ आत न जाता कॅम्पवर विश्रांती घ्या आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच आत जाऊन दिवसभर थांबा. मुक्काम आत असेल तर येण्याच्या दिवसाचं तिकीट टळत नाही, म्हणून सकाळच्या विमानाने पोचणं फायद्याचं. निघण्याच्या दिवशी ठरलेल्या वेळेआधी, सध्याच्या नियमानुसार सकाळी 10च्या आत, बाहेर पडलं नाही तर आणखी एका दिवसाचं तिकीट लागतं. पॅकेजमध्ये 'शुल्क समाविष्ट' लिहिलेलं असेल तर किती दिवसांचं, हे लेखी घ्या.

नदीच्या पश्चिमेचा भाग मारा ट्रँगल म्हणून ओळखला जातो. त्याची व्यवस्था 2001पासून मारा कॉन्झर्व्हन्सी ही संस्था बघते. रस्ते चांगले, गाड्या तुलनेने कमी, नियमांची अंमलबजावणी कडक. राखीव क्षेत्राच्या उत्तरेला आणि पूर्वेला नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ यांसारखी खासगी संवर्धनक्षेत्रं आहेत. जमीन मसाई जमातीच्या कुटुंबांची. पर्यटन कंपन्या ती भाड्याने घेतात आणि भाडं थेट जमीनमालकांना मिळतं. इथे गाड्यांची संख्या मर्यादित असते. मुख्य राखीव क्षेत्रात मनाई असलेली रात्रीची सफारी आणि पायी फेरी इथे करता येते. खर्च जास्त आहे, पण परवडत असेल तर चारपैकी दोन रात्री इथे काढाव्यात. रात्री दिसणारं जग निराळंच असतं: झाडावरून डोळे चमकवत उड्या मारणारे बुशबेबी, लांब कानांचा बॅट-इअर्ड फॉक्स, चरायला बाहेर पडलेले पाणघोडे.

गाडी आणि गाइड

कॅम्पमध्ये बाथटब आहे की नाही, यापेक्षा गाडी कुठली आणि गाइड कोण, याने सफारी ठरते. एजंटला हे विचारा:

- गाडी लँड क्रूझर आहे की व्हॅन? छत वर उचललं जाणारी दोन्ही मिळतात. व्हॅन स्वस्त पडते, पण चिखलात आणि ओढ्यांत अडकते.
- गाडीत किती जण बसवणार? प्रत्येकाला खिडकी मिळायला हवी. सात आसनांच्या गाडीत सहापेक्षा जास्त नकोत. फोटो काढणारे असतील तर चार.
- गाडी फक्त आपल्यासाठी आहे की अनोळखी लोकांसोबत? वाटणीच्या गाडीत एकाला सिंहापाशी थांबायचं असतं आणि दुसऱ्याला नाश्त्याला परतायचं असतं.
- ड्रायव्हर-गाइड केनिया प्रोफेशनल सफारी गाइड्स असोसिएशनची परीक्षा उत्तीर्ण आहे का? तिथे ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा श्रेणी आहेत. सिल्व्हर गाइड मिळाला तर आग्रह धरून घ्या.
- किलोमीटरची मर्यादा आहे का? असेल तर दुसरी कंपनी बघा.

पाठदुखी असलेल्यांनी मागच्या चाकावरची जागा टाळावी, सगळे हादरे तिथेच बसतात. मधली रांग बरी. पाठीचा त्रास जास्त असेल तर नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून लहान विमानाने जा. रस्त्याने पाच-सहा तास लागतात, विमानाने पाऊण तास. या विमानांत हातातली पिशवी धरून माणशी 15 किलो सामान चालतं, आणि बॅग मऊ कापडी हवी. चाकांची टणक सूटकेस सामानाच्या कप्प्यात मावत नाही, म्हणून ती नैरोबीच्या हॉटेलात ठेवून जावी लागते.

कागदपत्रं आणि लशी

केनियासाठी जानेवारी 2024पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवासपरवाना, म्हणजे ईटीए, लागतो. शुल्क 30 डॉलरच्या आसपास. निघण्याच्या किमान तीन दिवस आधी अर्ज करा, दोन आठवडे आधी केलेला उत्तम. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, फोटो आणि पासपोर्टचं पहिलं पान जवळ ठेवा. अर्ज केनिया सरकारच्याच संकेतस्थळावर करायचा. हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.

पीतज्वराच्या म्हणजे यलो फीवरच्या लशीत हयगय नको. केनियाहून परतणाऱ्या प्रवाशाकडे तिचं पिवळं प्रमाणपत्र नसेल तर भारतातल्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते, तिथे वार आणि वेळ ठरलेली असते आणि आधी नाव नोंदवावं लागतं. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी वैध होतं आणि मग आयुष्यभर चालतं. नोंदणी मिळायला वेळ लागतो, तेव्हा निघण्याच्या दीड महिना आधी सुरुवात करा. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गर्भारपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं किंवा साठीपुढचं वय यांपैकी काही असेल तर लशीआधी डॉक्टरांशी बोला.

मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच असली तरी तिथे मलेरिया आहे. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरच ठरवतील. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यायची. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे. घरी आलं की गोळ्या सोडून देणं ही नेहमीची आणि धोक्याची चूक.

बॅगेत काय

प्लॅस्टिकची पिशवी एकही नको. केनियात ऑगस्ट 2017पासून त्यांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. चिवडा, थेपले, चपला, ओले कपडे असं सगळं वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधायची आपली सवय असते. ते घरीच कापडी पिशव्यांत आणि डब्यांत भरा. विमानतळावरच्या दुकानातून मिळालेली पिशवीही उतरण्याआधी रिकामी करा. एकदा वापरून फेकायच्या पाण्याच्या बाटल्यांना उद्यानांत जून 2020पासून मनाई आहे, म्हणून स्टीलची बाटली घ्या. ड्रोन नेऊच नका, परवान्याशिवाय विमानतळावरच जप्त होतो.

कपडे मातकट, खाकी, हिरवट. गडद निळा आणि काळा रंग टाळायचा, कारण त्से-त्से माशी या रंगांकडे ओढली जाते आणि कपड्यातूनही चावते. विषुववृत्त जवळ म्हणून उकाडा असेल असं समजून लोक नुसते टी-शर्ट घेऊन येतात आणि पहाटे उघड्या छताच्या गाडीत कुडकुडतात. सकाळी तापमान 12-13 अंशांपर्यंत उतरतं, वर वारा. जाड जॅकेट, कानटोपी, त्याखाली पातळ थर, असे कपडे की दहा वाजता एकेक काढून ठेवता येतील. धुळीसाठी गळ्याभोवती सुती पंचा किंवा ओढणी. तोंडावर घेता येते आणि कॅमेऱ्यावरही टाकता येते.

दुर्बीण प्रत्येकाला एक. 8x42 मापाची पुरेशी. घरात एकच दुर्बीण आणि गाडीत चार माणसं असली की चौथ्याच्या हाती येईपर्यंत बिबट्या झाडावरून उतरलेला असतो. विजेचं सॉकेट ब्रिटिश पद्धतीचं, तीन चौकोनी पिनांचं. नोटा डॉलरमध्ये, शक्यतो 2013 नंतर छापलेल्या आणि न फाटलेल्या. जुन्या नोटा घेत नाहीत.

प्रत्यक्ष सफारी

दिवसाचं नेहमीचं वेळापत्रक असं: साडेसहाला निघायचं, दहाच्या सुमारास नाश्त्याला परत, दुपारी साडेतीन-चारला पुन्हा बाहेर, साडेसहापर्यंत कॅम्पवर. यात एक बदल करा. नाश्ता डब्यात बांधून घ्या आणि सकाळी परत येऊ नका. कॅम्पला आदल्या रात्री सांगितलं की डबा मिळतो. नऊ ते अकरा या वेळात बहुतेक गाड्या परतलेल्या असतात, आणि चित्त्याची शिकारीची वेळ नेमकी हीच.

चित्ता सिंहाला आणि तरसाला टाळतो, म्हणून दिवसाढवळ्या शिकार करतो. आधी तो वारुळावर चढून बसतो. मान हलते, शरीर नाही. मग उतरून चालू लागतो, डोकं खांद्यांच्या रेषेखाली, नजर एकाच गॅझेलवर. गॅझेलने मान वर केली की जागच्या जागी थिजतो, पुढचा एक पाय हवेतच. हे अर्धा तास, कधी तासभर चालतं. धाव जेमतेम अर्ध्या मिनिटाची. या वेळी गाडी चित्ता आणि सावज यांच्या मध्ये कधीही यायला नको, आणि चित्ता पुढे गेला म्हणून पुढे जाऊन थांबायलाही नको. गाइड 'जवळ जाऊ?' म्हणाला तर नको सांगा. बऱ्याच गाइडना वाटतं की पाहुण्याला जवळून फोटो हवा असतो आणि बक्षिसी त्यावर ठरते. तुम्हीच 'लांबून बघू, वेळ घेऊ' म्हटलंत तर तो मोकळेपणाने त्याचं कसब दाखवतो.

नियम थोडे आहेत आणि पाळण्यासारखे आहेत. प्राण्यापासून 25 मीटर अंतर. एका सिंह-बिबट्या-चित्त्याभोवती एका वेळी पाचच गाड्या, बाकीच्या लांब थांबून वाट बघणार. गाड्या रांगेत असतील तर प्रत्येकीला दहा मिनिटं. राखीव क्षेत्रात रस्ता सोडून गाडी घालायची नाही. गाडीतून उतरायचं नाही, छतावर बसायचं नाही. इंजिन बंद केल्याशिवाय थांबलो असं समजू नका. इंजिन थांबलं की गवतातली सळसळ आणि लांबची डरकाळी ऐकू येऊ लागते.

शोधताना प्राण्याचा आकार शोधू नका, इतर प्राण्यांच्या नजरा बघा. पाच-सहा जिराफ चरणं थांबवून एकाच दिशेला बघत असतील तर तिकडे काहीतरी आहे. टोपी नावाचं हरीण वारुळावर पहारेकऱ्यासारखं उभं असतं, ते वळून फुरफुरलं की त्या दिशेला दुर्बीण लावा. गिधाडं आकाशात घिरट्या घालत असतील तर ती फक्त उष्ण हवेवर चढताहेत. पण पाय खाली सोडून एकामागून एक थेट उतरू लागली की खाली मृत प्राणी आहे. बिबट्यासाठी ओढ्याकाठच्या सॉसेज ट्रीच्या आडव्या फांद्या तपासा: सालीवरचे ठिपके सहसा दिसत नाहीत, खाली लोंबणारी शेपटी दिसते. चित्ता की बिबट्या असा गोंधळ झाला तर चेहरा बघा. डोळ्यापासून तोंडापर्यंत उतरणारी काळी रेघ असेल तर चित्ता.

हत्तींचा कळप रस्ता ओलांडत असेल तर आई आणि पिल्लू यांच्या मध्ये गाडी घालू नये. एकट्या नराच्या कानशिलावरून काळसर ओघळ दिसला, मागच्या पायांवर लघवी ओघळत असेल, तर तो माजावर आहे. गाइड मागे सरकला तर वाद घालू नका.

'बिग फाइव्ह'ची यादी घेऊन फिरू नका. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि केप बफेलो हे पाच शिकाऱ्यांनी ठरवलेले, पायी शिकार करायला सर्वांत धोक्याचे म्हणून. चित्ता, तरस, पाणघोडा, जिराफ त्यात नाहीत. तरसांची कुटुंबव्यवस्था मादीच्या हुकमतीखाली चालते, आणि बिळापाशी खेळणारी काळी पिल्लं बघत बसलेली सकाळ कुठल्याही यादीत मावत नाही.

नैसर्गिक विधीसाठी संकोच करू नका, गाइडला सांगा. तो मोकळी जागा बघून आधी आजूबाजूला तपासतो आणि मग गाडीच्या मागे जायला सांगतो. दहा पावलंही लांब जाऊ नका. वापरलेला कागद कापडी पिशवीत परत आणा.

नदीकाठी

क्रॉसिंग बघायचं तर संयम हीच मुख्य तयारी. कळप काठावर जमतो, पुढचे पाण्याला तोंड लावतात, मागचे ढकलतात, एखादी मगर हलली की सगळे मागे पळतात. चार-पाच तासांनी उतरतील किंवा गवताकडे वळून निघूनही जातील. पहिला वाइल्डबीस्ट पाण्यात झेपावला की मग मात्र मागचे थांबत नाहीत, धुळीच्या लोंढ्यात उड्या पडतात, आणि पाच मिनिटांत किंवा तासाभरात सगळं संपतं.

इथे बिघाड करतात त्या गाड्या. चांगली जागा मिळावी म्हणून लोक काठाशी गर्दी करतात, उतरायची वाट अडते आणि कळप माघारी फिरतो, किंवा उभ्या कड्यावरून उतरू पाहतो आणि पाय मोडून घेतो. गाडी काठापासून बरीच मागे, झुडपाआड ठेवायला सांगा. पहिली रांग पाण्यात शिरली आणि ओघ सुरू झाला, की मगच शिस्तीने पुढे जायचं. डबा, पाणी, टोपी आणि लहान मुलांसाठी काहीतरी विरंगुळा जवळ ठेवा.

कॅमेरा

100-400 मिमीची लेन्स मारात जवळजवळ सगळ्याला पुरते. तिपाईचा गाडीत उपयोग नाही. लेन्स टेकवायच्या बीनबॅगचं रिकामं कापडी कव्हर न्या, नैरोबीत दोन किलो तांदूळ घेऊन भरा आणि निघताना ते तांदूळ कॅम्पच्या कर्मचाऱ्यांना द्या. पळणाऱ्या प्राण्यासाठी शटर 1/1000 किंवा त्याहून जलद, उडणाऱ्या पक्ष्यासाठी 1/2000. गाडी धावत असताना लेन्स बदलू नका, धूळ सेन्सरवर बसते. आणि हातात फक्त मोबाइल असेल तर लांबच्या सिंहामागे लागू नका. झूम केलेला सिंह नुसता पिवळा डाग दिसतो. त्यापेक्षा माळ, ढग आणि त्यात लहानसा हत्ती असा फोटो घ्या, तो मोबाइलवर उत्तम येतो.

कॅम्पवर

बऱ्याच कॅम्पना कुंपण नसतं. अंधार पडल्यावर तंबूतून एकट्याने बाहेर पडायचं नाही. टॉर्च दाखवली की अस्कारी, म्हणजे रात्रीचा पहारेकरी, येऊन जेवणाच्या तंबूपर्यंत सोडतो. पाणघोडे रात्री चरायला थेट तंबूंमधून फिरतात. तंबूची चेन दोन्ही टोकांना पूर्ण लावा, खाणं आत उघडं ठेवू नका, माकडं आणि बबून चेन उघडायला शिकलेले असतात. सकाळी चहा घेताना अस्कारीला विचारा, रात्री डरकाळ्या कुठून आल्या. त्या दिवशीची पहिली दिशा तिथेच ठरते.

चार शब्द येत असले की गाइडच्या रेडिओवरचं बोलणं समजतं: सिंबा म्हणजे सिंह, चुई बिबट्या, दुमा चित्ता, किफारू गेंडा, ट्विगा जिराफ. 'असांते साना' म्हणजे मनापासून आभार, आणि ते रोज म्हणावं.

गाइडला बक्षिसी देण्याची पद्धत आहे. माणशी दिवसाला साधारण 10 डॉलर, काम आवडलं तर जास्त, शेवटच्या दिवशी पाकिटात घालून त्याच्या हातात. कॅम्पच्या इतर कर्मचाऱ्यांसाठी जेवणाच्या तंबूत सामायिक पेटी असते. स्वयंपाकघरात आणि धुलाईत राबणारी माणसं समोर येत नाहीत, त्यांच्यापर्यंत पैसे या पेटीतूनच पोचतात.

परतल्यानंतरचे तीन महिने ताप आला तर साधा व्हायरल समजून घरी पॅरासिटामॉल घेत बसू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात केनियाहून आल्याचं सांगा आणि त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासून घ्या. तिकडचा फॅल्सिपेरम मलेरिया दोन-तीन दिवसांत गंभीर होतो. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.